वरची ओळ

"वीस वह्या पाहिल्या. विसांतही एकच उत्तर," मोठ्या बाई म्हणाल्या. "वरची ओळ दोन, सात, सहा. याला विचार म्हणायचं की नक्कल?"

गणिताच्या बाईंनी वरची वही ओढून घेतली. एक ते नऊ अंक नऊ घरांत असे भरायचे, की उभी, आडवी, तिरपी कुठलीही बेरीज पंधरा यावी. हे कोडं आठ तऱ्हांनी सुटतं. वर्गात ते एकाच तऱ्हेनं सुटलं होतं. सोडवलं एकानं, उतरवलं बाकीच्यांनी, हे त्यांनाही कळत होतं.

"सोमवारपासून कोड्यांचा तास बंद. त्या वेळात पाढे घ्या. पालकांचंही तेच म्हणणं आहे."

तीन वर्षं भांडून मिळवलेला तास होता तो. बाई हट्टाला पेटल्या.

"एक तरी मूल स्वतःच्या डोक्यानं चालतं, असं दाखवलं तर?"

"दाखवा."

बाईंनी उरलेला गठ्ठा उपसला. दोन, सात, सहा. पुन्हा दोन, सात, सहा. अगदी तळाशी भिंगरीची वही निघाली. वर्गातली सगळ्यांत चुळबुळी पोर.

वरची ओळ आठ, तीन, चार.

मोठ्या बाईंनी सगळ्या बेरजा स्वतः करून पाहिल्या, त्याही दोनदा. पंधराच.

"हिनं कोणाचं बघितलं नसेल कशावरून?"

"मान फार वळते म्हणून कालच माझ्या टेबलाशी, माझ्या बाजूला एकटीला बसवलंय तिला. ना डावीकडे कोणी, ना उजवीकडे. बघणार कोणाचं?"

मोठ्या बाईंनी वही मिटली. "बरं. राहू दे तुमचा तास."

बाईंचा जीव भांड्यात पडला. वर्गात येऊन त्यांनी वह्या वाटल्या आणि भिंगरीला फळ्यापाशी उभं केलं.

"कसं सुचलं गं तुला?"

"सुचलं नाही, बाई. समोर दिसलं."

"बघा! डोकं चालवलं की असं लख्ख दिसतं. वाजवा टाळ्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना इतका आनंद झाला होता, की पाय दुखतायत हे आत्ता कळलं. त्या भिंगरीच्याच रिकाम्या जागेवर टेकल्या.

टेबलापलीकडे, पहिल्या बाकावरच्या मुलानं आपली वही स्वतःपुढे उघडून ठेवली होती. त्याच्या बाजूनं वरची ओळ दोन, सात, सहा; बाईंना मात्र ती उलटी दिसत होती, आणि इथून वाचताना वरची ओळ होती आठ, तीन, चार.