कॉफीच्या डागातली तीन भोकं

"तुला मणी दिसत नाही, की हरीणच दिसत नाही?" वेंडलने विचारलं.

"दोन्ही दिसतं रे. एका वेळी दिसत नाही," असं म्हणून ऑरव्हिलने वडिलांची जुनी लिव्हरची रायफल काउंटरवर आडवी ठेवली. रिकामी आहे ना, हे दोघांनीही तपासून घेतलं.

हरणांचा हंगाम शनिवारी सुरू होणार होता. आमच्या खोऱ्यात असल्या जुन्या रायफलींवर नेम धरायची मागची खाच आणि पुढचा मणी बदलायचा, तर वेंडलनेच. बेचाळीस वर्षं झाली. यंदा मात्र त्याची मुलगी ट्विला बिलिंग्स शहरातून येऊन दुकानात खुर्ची टाकून बसली होती, पर्समध्ये नवंकोरं कुलूप घेऊन. बाप अठ्ठ्याहत्तरचा झाला, आता पुरे, असं तिचं म्हणणं. शेवटी बापलेकीत ठरलं होतं: या हंगामात एक जरी रायफल तक्रार घेऊन परत आली, तर दुकान बंद आणि वेंडलची रवानगी बिलिंग्सला. तिथे बिचारा काय करणार? गॅलरीत बसून लोकांच्या गाड्या बघणार.

म्हणून तर ऑरव्हिल आलेला त्याला नकोच होता. तीन वर्षांत ऑरव्हिलने एकही हरीण पाडलं नव्हतं, आणि 'माझे डोळे गेले' असं तो स्वतःच गावभर सांगत फिरत असे.

"या आठवड्यात पाच रायफली केल्या, एकही परत नाही. आता तूच माझं नाक कापणार," वेंडल म्हणाला.

"कापायला आधी दिसायला हवं ना."

वेंडलने मण्या-चकत्यांचे डबे काढले, ऑरव्हिलने त्यांच्यावरचं वाचून दाखवलं. हल्ली अक्षरं फारच बारीक छापतात, यावर दोघांचं एकमत झालं. हिरवा चमकणारा मणी ऑरव्हिलला नको होता. रायफल आहे की नाताळचं झाड? दुर्बीणही नको, वडील थडग्यातून उठून बसतील.

"मग मागे भोकाची चकती घे. भोकाकडे लक्षच द्यायचं नाही. मणी हरणावर टेकव, झालं. म्हाताऱ्या डोळ्यांना हेच बरं."

"म्हातारा कोणाला म्हणतोस?"

"तुझ्या डोळ्यांना."

मग स्क्रूची खाच अंगठ्याच्या नखाने चाचपत वेंडलने चकती बसवली, पितळी हातोडीने पुढचा मणी ठोकला. बघायची गरजच नाही, हाताला सगळं पाठ आहे, असं तो ट्विलाला ऐकवत होता. तिने नुसतं हूं केलं.

पुढे रिवाजाप्रमाणे सगळे दुकानामागे. पन्नास पावलांवर मातीचा ढीग, त्यावर टाचलेली कागदी ताटली, मधोमध कॉफीच्या कपाचा डाग. ऑरव्हिलने तीन गोळ्या झाडल्या. धूळ उडाली. ताटली आणायला गिऱ्हाइकानेच जायचं असतं. कानामागची पेन्सिल सावरत ऑरव्हिल गेला आणि पाठमोरा बराच वेळ वाकून उभा राहिला. परत आल्यावर गुडघ्यांना शिव्या घालत होता.

डागाच्या आत तीन भोकं, एकमेकांना चिकटून.

ट्विलाने ताटली उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली. "ऑरव्हिलकाका, हे तुम्ही?"

"मी कसला? नेम तुझ्या बापाने लावलाय."

वेंडलने या आठवड्यातल्या आधीच्या पाच ताटल्यांशेजारी ही सहावी भिंतीवर टाचली. ट्विलाने पर्समधलं कुलूप काढून बापाच्या औजारांच्या खणात टाकलं आणि आपण उद्या सकाळीच निघतो म्हणाली.

ऑरव्हिल घरी पोचला तेव्हा अंगणात पाच पिकअप उभ्या होत्या. स्वयंपाकघरात आम्ही पाच जण बसलो होतो. त्याच आठवड्यात वेंडलने केलेल्या आमच्या पाच रायफली भिंतीला ओळीने टेकवलेल्या. ऑरव्हिलची बायको नेल्डा कॉफी ओतत होती.

"लई डावीकडे गेल्या?" शेजारच्या लाइलने विचारलं.

"गेल्या वर्षीपेक्षा बरं. ढिगाला तरी लागल्या," ऑरव्हिल म्हणाला. कानामागच्या पेन्सिलच्या टोकाला अडकलेला ताटलीचा कपटा झटकून त्याने ती खणात ठेवली, तिथलीच आपली पितळी हातोडी उचलली, चष्मा न लावताच पहिल्या रायफलीचा मणी केसभर सरकवला आणि म्हणाला, "हं, पुढची द्या."