नियम अकरावा

पन्नासावा नमुना म्हणून अर्जुनरावांनी ते पत्र टाइप केले. एकतीस वर्षांपूर्वी आलेले. त्याला त्यांनी उत्तर दिले नव्हते.

चाचणीसाठी एकोणपन्नास नमुने झाले होते आणि सुनिताला पन्नास हवे होते, एवढेच कारण. निदान त्यांनी स्वतःला तसे सांगितले. लिहिणाऱ्या बाईचे आणि गावाचे नाव त्यांनी गाळले. बाकी मजकूर तोंडपाठ होता, कागदाची घडी उलगडावी लागली नाही.

सुनिताचे ऑफिस बीडच्या बसस्टँडामागे, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर होते. मोठ्या कचेऱ्यांना रोज शेकडो ई-मेल येतात. ते वाचून प्रत्येकावर लेबल लावणारे एक साधन तिने तयार केले होते. लेबले तीनच: 'तातडीचे', 'उत्तर बाकी' आणि 'दाखल'. दाखल म्हणजे वाचले, ठेवले, पुढे काही करायचे नाही. लेबल लावणारा माणूस नव्हता, एआय एजंट होता. कशावर काय लावायचे हे त्या एजंटला समजावून सांगणारी पुस्तिका अर्जुनराव लिहीत होते.

सहा महिन्यांपूर्वी सुनिता त्यांचे घर शोधत आली होती. "आमच्या गावच्या एका बाईंनी तुमचं नाव सांगितलं. म्हणल्या, आलेला कागद काय मागतोय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत न्हाई."

कोण बाई, कुठले गाव, हे विचारायला ते संकोचले. छत्तीस वर्षे त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. गावोगावच्या बायका अर्ज घेऊन येत. असेल त्यांतली कुणी.

पुस्तिका त्यांनी मन लावून लिहिली. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके वाचली होती. आपले पहिले पुस्तक कुणी माणूस वाचणार नाही, याचे त्यांना बरेच वाटले. माणूस हसला असता. मात्र घरी आल्यावर एखादे पान मोठ्याने वाचून दाखवावेसे वाटे, आणि खोलीत पुस्तकांच्या कपाटाशिवाय कुणी नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी झाली. प्रत्येक नमुन्याचे बरोबर लेबल अर्जुनरावांनी आधीच लिहून दिले होते. एजंटने पुस्तिका वाचून आपली लेबले लावली. मग दोन्ही याद्या ताडून पाहिल्या.

"एकोणपन्नास जुळले, काका," सुनिता म्हणाली. "शेवटचा हुकला. तुमी 'दाखल' लिहिलंय, त्यानं 'उत्तर बाकी' लावलंय."

"चुकला तो. त्या पत्रात एकही प्रश्न नाही. बदली झाल्याचं कळवलंय, बस्स."

"बघू तर." तिने पत्र पडद्यावर आणले.

'माझी बदली झाली. तुमच्याकडून आणलेली दोन पुस्तके वाचून झाली, तिसरे चालू आहे. इथे खोली मिळाली. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, पाण्याच्या टाकीसमोर, निळे दार. परळीहून चारची गाडी थेट इथवर येते. खाली पत्ता पुन्हा लिहिते.'

त्याखाली एजंटने कारण दिले होते: 'नियम अकरावा. मजकुरात प्रश्न नाही. पण पत्ता खाणाखुणांसह दिला आहे, तोही दोनदा.'

सुनिताने पुस्तिकेतला नियम काढून वाचला. "'लिहिणारा काही मागत नसला, तरी त्याने आपला पत्ता गरजेपेक्षा सविस्तर दिला असेल, तर तो उत्तराची वाट पाहत आहे असे समजावे. संकोची माणसे असेच मागतात.'" ती थांबली. "हा नियम तुमीच लिहिलाय की."

त्यांनीच लिहिला होता. असे अर्ज ते ढिगातून नेमके उचलून वर ठेवत. एका म्हातारीने अर्जात काहीच न मागता घरापुढच्या कडुलिंबापर्यंतच्या सगळ्या खुणा लिहिल्या होत्या. तिचा कागद त्यांनी त्याच दिवशी साहेबांपुढे नेला होता. आणि हा एक कागद आला, त्या संध्याकाळी घरी आणून पुस्तकात ठेवून दिला. त्यात तिने काही विचारले असते तर उत्तर लिहिले असते, असे ते एकतीस वर्षे स्वतःला सांगत आले होते.

सुनिता अजून पडद्याकडेच पाहत होती.

"निळं दार," ती हळू म्हणाली. "काका, ही धर्मापुरीची खोली हाय. आई-बाप ऊसतोडीला गेले की मी तिथंच राहायची. शाळेतल्या वनमालाबाईंकडं."

अर्जुनरावांनी चष्मा काढून हातात घेतला. "मग माझं नाव सांगितलं, ते..."

"त्यांनीच. रिटायर झाल्या, पर अजून तिथंच हायत. एकट्याच. नंबर देऊ का? आत्ता लावून देते."

"नको. फोनवर मला बोलायला जमत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्यांनी पत्र लिहिलं होतं."

"बरं. मग यादीत काय लिहू? कुणाचं चुकलं?"

"माझं," अर्जुनराव म्हणाले.

तिने लेबल बदलले आणि कीबोर्ड बाजूला सारला. "मग आता बसलात कशापायी? पोस्ट उघडं हाय."

पोस्टात त्यांनी तीन आंतर्देशीय पत्रे घेतली. दोन खराब होणार हे त्यांना ठाऊक होते, आणि झालीही. तिसऱ्यावर लिहिले: 'पत्र मिळाले. तिसरे पुस्तक परत करण्याची घाई नाही. मी बीडमध्येच आहे. जुन्या भाजी मंडईच्या मागे, शिंप्याच्या दुकानावर, डाव्या हाताचा जिना, सतरा पायऱ्या. परळीच्या गाडीतून उतरलात की रिक्षाने पाच मिनिटे.'

पत्रात एकही प्रश्न नव्हता. चिकटवण्याआधी त्यांनी ते एकदा वाचले, खाली आपला पत्ता पुन्हा लिहिला, आणि पेटीत टाकले.