इंग्लंडातली सुईण

ही सुईण मला पहिल्या दिवसापासून पटली नाही. माझ्या लेकीला नववा लागला, आणि ही हेलनबाई घरी येते, शिंप्यासारखी टेप काढून पोट मोजते, हातांनी चाचपते, की निघाली! आमच्या बार्शीत दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करतात. मी लेकीला म्हटलं, "सुईणीकडंच जायचं होतं तर एवढ्या लांब कशाला आलीस?"

"आई, ती ऐकतेय!"

"ऐकू दे."

मागच्या आठवड्यात हेलन म्हणाली, बाळाचं डोकं अजून वरच आहे. यंत्राशिवाय हिला काय दिसतंय, म्हणून मी हसले. दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तर डोकं खरंच वर. आता पोरीचं पोट फाडणार, असं मी धरूनच चालले. पण तिथल्या डॉक्टरीणबाईनं पोटावरून दाबत दाबत बाळ फिरवलं.

आज हेलन पुन्हा आली. बाळ परत उलटलं असलं तर ऑपरेशनच, म्हणून लेक माझा हात सोडेना. हेलननं सावकाश चाचपलं, हसली, आणि माझा हात धरून लेकीच्या ओटीपोटावर ठेवला. तिथं होतं, नारळासारखं टणक, गोल डोकं. नातू की नात, देव जाणे, पण आमची पहिली भेट झाली.

मी डोळे पुसले आणि हेलनला मराठीतच सुनावलं, "बाई गं, आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला काही कळतं, असं मी आजवर बोललेली नाही. तुला कळतं."