दोघांपुरतं कूपन

काट्यावर चढलेल्या वाटाण्यांपैकी वडिलांच्या तोंडापर्यंत दोनच पोचले. बाकीचे परत ग्रेव्हीत पडले. वेंडीने त्यांच्या ताटातलं मांस आणखी बारीक कापलं आणि काटा पुन्हा त्यांच्या थरथरत्या मुठीत दिला. तिच्या स्वतःच्या पुढ्यात सूप होतं.

कूपन क्लाइव्हने आणलं होतं. रविवारचं पारंपरिक जेवण, एकाच्या पैशात दोघांना. भाजलेलं बीफ, यॉर्कशर पुडिंग, बटाटे. माणसं मात्र तीन होती. "तुला कुठे एवढी भूक असते, वेंड?" असं म्हणून भावाने तिच्यासाठी सूप मागवून टाकलं होतं. वाढणाऱ्या बाईने दोनदा विचारलं, "अगं, नुसतं सूपच?" वेंडी दोन्ही वेळा हसली होती.

क्लाइव्ह वर्षातून एकदा लंडनहून येई, वडिलांना डोंगरातल्या या हॉटेलात जेवू घाली आणि दिवस मावळायच्या आत परत जाई. उरलेलं वर्ष वेंडीचं. अंघोळी, गोळ्या, ओल्या चादरी. तरी म्हातारा सकाळपासून एकच घोकत होता, "क्लाइव्ह आठवणीने येतो हो!" ते वाक्य वेंडीच्या घशाखाली उतरत नव्हतं. भावापेक्षा तिला वडिलांचाच जास्त राग आला होता.

"काय मऊ शिजलंय! आणि तेही फुकटात," क्लाइव्ह म्हणाला. "डॅड, मजा आहे बुवा तुमची. घरीसुद्धा रोज आयतं ताट."

वेंडीने चमचा खाली ठेवला.

"मला ओबानला नोकरी मिळतेय. समुद्राच्या पाण्याची प्रयोगशाळा आहे. उद्या उत्तर द्यायचंय."

"स्कॉटलंडात? या वयात?" क्लाइव्हला हसू आलं. "आणि डॅडना कोण बघणार?"

"तू."

शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने बोलणं थांबवलं. क्लाइव्हने आवाज खाली आणला. "हे बघ, इथे तमाशा नको. आमच्याकडे जागा कुठे आहे? एक खोली होती, तिथे माझं सायकलचं सामान आहे. आणि डॅड घर सोडतायत होय? 'या घरातून मी निघेन तो चौघांच्या खांद्यावर.' खरं ना, डॅड?"

खरं होतं. वडिलांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की वेंडीने विचारणंच सोडून दिलं होतं. आधीच्या दोन नोकऱ्या तिने त्यापायीच नाकारल्या होत्या. ही तिसरीही जाणार. तिने वडिलांच्या हनुवटीवरची ग्रेव्ही पुसली. तोंड उघडलं असतं, तर ओरडलीच असती.

वडिलांनी ताट ढकललं. इतक्या जोरात, की ग्रेव्ही टेबलाच्या पांढऱ्या कापडावरून क्लाइव्हच्या बाहीपर्यंत गेली.

"चार वर्षं ही पोरगी मला भरवतेय," ते म्हणाले. हात थरथरत होते, आवाज नाही. "आणि तू तिला सुपावर बसवलंस. मीही मुकाट्याने चवीचवीने खात बसलो."

"डॅड, लोक बघतायत."

"बघू देत. बायकोला फोन कर. तुझ्या सायकली काढून ती खोली मोकळी करायला सांग. आज मी तुझ्याबरोबर येतोय. राहायला."