दादाला सोबत

दादा सगळ्यांना चावायचा. पाहुण्यांना, डॉक्टरांना, माझ्या धाकट्या बहिणीला तर दोनदा. मला मात्र कधीच नाही. हा आडदांड पांढरा उंदीर माझ्या बाहीत शिरून झोपायचा आणि मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला मिरवून दाखवायचे.

"ताई, तुझा लाडोबा एकटा राहून गुंड झालाय," बहीण म्हणाली आणि त्याच्या सोबतीला एक करडं पिल्लू घेऊन आली.

डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं केलं. आधी दोघांच्या पिंजऱ्यातल्या चिंध्यांची अदलाबदल केली, म्हणजे एकमेकांचा वास ओळखीचा होईल. मग दोघांना बाथरूममधल्या कोरड्या टबात सोडलं, कारण तिथे कुणाचीच मालकी नव्हती. दादा केस फुलवून तिरका तिरका पुढे आला. त्याने पिल्लाला उताणं पाडलं.

चाव.

चाव ना रे, दादा.

दादा पिल्लाचा कान चाटायला लागला. बहिणीने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

हल्ली दोघं एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात. बाही मोकळी करून कितीही हाका मारल्या तरी दादा नुसता एक डोळा उघडतो. आज शेवटी मी पिंजऱ्यात हात घालून झोपलेलं पिल्लू त्याच्या कुशीतून ओढलं.

"अगं बाई, रक्त!" बहीण धावत आली. "कोण चावलं?"

पिंजऱ्यात दादा पिल्लाला पुन्हा कुशीत घेत होता; ते तिला दिसू नये म्हणून मी पुढे उभी राहिले.

"बघितलंस? दोघांचं भांडण सोडवायला गेले होते. तुझं पिल्लू आजच्या आज परत घेऊन जा."