दुसऱ्या परीक्षकाचे आक्षेप

“सतरा,” बाबा हातातला कागद खाली ठेवत म्हणाले. “या खेपेला सतरा आक्षेप. हा दुसरा परीक्षक घरी सुखी नसणार.”

“तुम्हाला हो काय माहीत?” आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

“सुखी माणूस दुसऱ्याचे स्वल्पविराम मोजत बसत नाही.”

आईनं एक देठ जरा जास्तच जोरात मोडला. चिमणीनं वर पाहिलं नाही. चिमणी चौतीस वर्षांची होती, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती, आणि सतराच्या सतरा आक्षेप आईचे आहेत हे तिला माहीत होतं, कारण ते टाइप तिनंच केले होते.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या भिंतीवर चढणाऱ्या गोगलगायींच्या नोंदी ठेवायला घेतल्या. अकरा वर्षं, चौदा वह्या. त्यातून बावीस पानांचा शोधनिबंध झाला. बाबा एका बोटानं टाइप करत, म्हणून तो एका विज्ञानाच्या नियतकालिकाकडे चिमणीनं पाठवला, स्वतःच्या ई-मेलवरून.

“परत आला,” बाबा तेव्हा म्हणाले होते, “तर वह्या रद्दीत. मग मी सोफ्यावर बसून म्हातारा व्हायला मोकळा.” रद्दीवाल्याकडे त्यांनी चौकशीही करून ठेवली होती.

निबंध दोन दिवसांत परत आला. संपादकानं दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यातली एक ‘आपला विश्वासू’ होती.

चिमणीला ते सांगवेना. तिनं सांगून टाकलं की निबंध परीक्षकांकडे गेलाय. परीक्षकांची नावं लेखकाला कळू द्यायची नाहीत, ही नियतकालिकांची पद्धत तिला एकदम माणुसकीची वाटली.

परीक्षक दोन लागतात. पहिला झाला तिचा नवरा. तो छापखान्यात बाइंडर होता आणि सासऱ्यांना नाही म्हणणं त्याला जमण्यातलं नव्हतं. त्यानं अहवाल लिहिला, ‘निबंध उत्तम आहे. तब्येतीला जपा.’ दुसरं वाक्य चिमणीनं खोडलं.

दुसरी परीक्षक आई. आईनं बत्तीस वर्षं रुग्णालयात वॉर्ड सांभाळला होता आणि एकोणचाळीस वर्षं बाबांना. तिला सुचेना असं कधी झालं नाही. ‘नोंदी दर चार तासांनी का नाहीत? दुपारी एक ते चार गोगलगायी काय करतात? लेखक झोपतो काय?’

लेखक झोपायचा. आता तो जेवण झालं की स्टूल घेऊन भिंतीपाशी जाऊन बसू लागला. दुपारच्या नोंदींनी निबंधाचा निम्मा निष्कर्ष उलटा झाला. बाबा आठवडाभर दुसऱ्या परीक्षकाला नावं ठेवत होते आणि शीळ घालत होते.

तिसऱ्या फेरीत आईच्या हातून चूक झाली. तिनं लिहिलं, ‘उत्तरेची भिंत ओली असते ती गच्चीवरच्या टाकीमुळे. टाकी गळते हे लेखकाला तीनदा सांगून झालं आहे.’ चिमणीनं घाईघाईत जसंच्या तसं टाइप केलं.

बाबांनी ते मोठ्यानं वाचलं. निबंधात टाकीचा कुठंच उल्लेख नव्हता. जावयानं चहाचा रिकामा कप तोंडाला लावला आणि तिथंच धरून ठेवला.

“मोठ्या संस्थेतला माणूस असणार,” बाबा शेवटी म्हणाले. “या लोकांना सगळं कळतं.”

मग त्यांनी आठवडाभर भिंतीचा ओलावा मोजला आणि त्यानंतर टाकी दुरुस्त करून घेतली.

पाचव्या फेरीला आईचे आक्षेप संपले.

“आता खरंच काही नाही गं उरलं,” ती स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. “चांगला झालाय. मला त्या गोगलगायींची काळजी वाटायला लागलीय.”

“मग स्वीकारावा लागेल,” चिमणी म्हणाली.

“आणि अंक मागितला तर? वह्या अजून कपाटात आहेत, लक्षात ठेव. रद्दीवालाही आहे.”

“प्रत एकच लागेल ना?” जावई म्हणाला. “एक मी बांधतो.”

एकाच निबंधाचा अंक बरा दिसत नाही, म्हणून उरलेले चार त्यानंच लिहिले. त्यातला एक डिंकाच्या वासानं मुंग्यांच्या स्वभावात पडणाऱ्या फरकावर होता आणि चिमणीच्या मते अगदीच वाईट नव्हता. बाबांनी हा अंक कुणा जाणकाराला दाखवला तर काय, हा विचार तिघांनीही एकमेकांवर सोपवला.

खऱ्या अंकांना वेळ लागतो, म्हणून त्यांनी सात महिने जाऊ दिले. बाबांनी एकदाही चौकशी केली नाही. ते मंगळवारी वाचनालयातल्या संगणकापाशी जात, दुपारी स्टुलावर बसत, आणि दुसऱ्या परीक्षकाशिवाय करमत नाही असं जेवताना म्हणत. आई त्यांना न विचारता वाढायची.

रविवारी सकाळी चिमणी पाकीट घेऊन आली. ते पत्रपेटीत सरकवायचं आणि साळसूदपणे वर जायचं, असं ठरलं होतं. पत्रपेटी उघडीच होती. आत काही नव्हतं.

बाबा टेबलाशी बसले होते. पुढ्यात फाडलेलं पार्सल आणि एकसारख्या चार प्रती.

“ये चिमणे,” ते म्हणाले. “अंक आला.”

चिमणीनं आपलं पाकीट पाठीमागे धरलं. मुखपृष्ठावर निबंध परत पाठवणाऱ्या त्या नियतकालिकाचं नाव नव्हतं. हे दुसरंच होतं, त्याच्याहून जुनं आणि कितीतरी कडक. इथं निबंध पाठवायची हिंमत तिला झाली नसती. आई चष्मा लावून एका पानावर वाकली होती.

चिमणीनं एक प्रत उचलली. गोगलगायी पान नऊवर होत्या. लेखक चार होते. पहिलं नाव आईचं, शेवटचं बाबांचं. आणि निबंधाच्या तळाशी, कुणी काय काम केलं ते सांगायची रीत असते तिथं, बारीक अक्षरात छापलं होतं: ‘पहिली लेखिका – सर्व आक्षेप. दुसरी – संपादकाची भूमिका. तिसरा – प्रोत्साहन. चौथा – दुपारी जागे राहणे.’