बोंबलांची जोडी

दिपालीची बँकेच्या परीक्षेची ही शेवटची संधी. पुढच्या महिन्यात वयोमर्यादा उलटणार होती. इंग्रजीतली विस्कटलेली वाक्यं ओळीने लावायची म्हटलं की तिची वाट लागायची, पहिलं वाक्य शोधण्यातच वेळ संपायचा. काल वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना तिने आईपाशी रडगाणं गायलं. शाळेचं तोंड न पाहिलेली आई म्हणाली, "पयला कोन ते कशाला शोधतेस? बोंबलासारखी दोघांची तोंडं एकमेकांत अडकव नि टाक दोरीवर. ओळ आपोआप लागते." आज अंधेरीच्या परीक्षाकेंद्रात पडद्यावर पाच वाक्यं आली. एकात म्हाताऱ्याची काठी हरवली होती, दुसऱ्यात तीच काठी सापडली होती. दिपालीने त्यांची तोंडं अडकवली. मग बाकीची भराभर जुळत गेली. बाहेर आई मासळीची रिकामी टोपली घेऊन उभी. "काय झालं, बाय?" "आये, एकपण बोंबील खाली नाय पडला!"